सुतळीच्या गाठी

गणिताचं आणि माझं कधी जमलं नाही. दहावीला जेमतेम पास होण्यापुरते गुण पडले आणि ज्या दिवशी आर्ट्‌सला प्रवेश घेतला, त्या दिवशी मी गणिताला लांबूनच नमस्कार केला. आता पुन्हा भेट नको! असं असताना यंदाच्या अंकासाठी लेख लिहायला बसले ती एका गणितज्ञावरच. माझ्या मैत्रिणी हसल्या. वाचकहो, तुम्हीही हसाल. पण या गणितज्ञाची गोष्ट सांगायची तर आधी मला माझ्या आईच्या सुतळीची गोष्ट सांगितली पाहिजे.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगराच्या पायथ्याशी. नगर जिल्हा साखर कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो. प्रवरेच्या काठचा हिरवागार ऊस याच जिल्ह्यातला आणि परमुलखात ऊस तोडायला जाणारे आम्हीही याच जिल्ह्यातले. दसरा झाला की आमचं गाव रिकामं व्हायला लागतं. दारांना कुलपं लागतात. मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळेतली पोरं. मी अशाच पोरांपैकी एक. आजीच्या हाताखाली वाढले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

चौथीत असताना आजी आजारी पडली आणि तिला आत्याकडं ठेवावं लागलं. त्या वर्षी मी आईबापूंबरोबर फडावर गेले. पाचटाची कोपी, पहाटेची थंडी, वाढ्यांचा वास आणि रात्री-अपरात्री भरायची टायरगाडी... हे सगळं अजून डोळ्यांपुढं आहे. बापू गाडी घेऊन काट्यावर जायचे. वजनाची पावती मिळायची, ती मुकादमाकडं जमा व्हायची. आणि भरलेली गाडी फडातून हलली की आई कमरेला खोचलेली सुतळी काढून तिला एक गाठ मारायची. एक गाडी, एक गाठ. आईला वीसपर्यंतच मोजता येतं. त्यापुढं ती 'एक इसा, दोन इसा' करत जाते आणि मध्येच घोटाळा होतो. म्हणून तिनं मोजायचंच सोडून दिलं होतं. ती नुसती गाठ मारायची.

पट्टा पडला. हिशेबाचा दिवस आला. मुकादम एकेक पावती वाचत होता आणि आई बोटानं एकेक गाठ पुढं सरकवत होती. पावती, गाठ. पावती, गाठ. पावत्या संपल्या तेव्हा सुतळीला तीन गाठी उरल्या होत्या.

"मुकादम, तीन खेपा ऱ्हायल्या," आई म्हणाली.

मुकादम हसला. "बाई, गाठी काय, एका रातीत धा मारता येत्यात. कागद बोलतो. सुतळी कुठं बोलती व्हय?"

टोळीतली चार माणसं हसली. बापू मान खाली घालून बसले होते. पुढच्या सालाची उचल त्याच मुकादमाकडून घ्यायची होती. आईनं सुतळी गुंडाळून पुन्हा कमरेला खोचली. त्या तीन खेपांचे पैसे आम्हाला कधीच मिळाले नाहीत. पैशाचं दुःख मला त्या वयात कळलं नसेल. पण आईला हसले ते मात्र चांगलं कळलं. आणि खरं सांगते, मलाही त्या दिवशी आईचीच लाज वाटली. शाळेत शंभरपर्यंत पाढे म्हणणारी मी, आणि माझी आई गाठी मारत बसणारी!

नववीला गेले तेव्हा गणिताच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण होतं 'संच'. रिक्त संच, सांत संच, अनंत संच, वेन आकृती. महिरपी कंसात घटक लिहायचे आणि मध्ये स्वल्पविराम द्यायचा. मला ते चित्र काढण्याइतकं सोपं वाटलं आणि म्हणून आवडलं. पण हे कुणी शोधलं, कशासाठी शोधलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. प्रकरण संपलं, परीक्षा झाली, संच विसरले.

यंदा तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी एक न्हावी आणला. एका गावात एकच न्हावी आहे. जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत, त्या सगळ्यांची आणि फक्त त्यांचीच दाढी तो करतो. तर मग या न्हाव्याची दाढी कोण करतं? तो स्वतः करत असेल, तर नियमाप्रमाणे त्यानं ती करता कामा नये. करत नसेल, तर नियमाप्रमाणे त्यानं ती केलीच पाहिजे! वर्गात हशा पिकला. सर म्हणाले, "हसताय, पण अशाच एका कोड्यानं विसाव्या शतकाच्या आरंभी गणिताचा पाया हादरला होता." आणि फळ्यावर त्यांनी एक नाव लिहिलं, गेओर्ग कँटर. त्या दिवशी मी ग्रंथालयातून कँटरवरचं पुस्तक काढलं. इंग्रजी होतं. शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर वाचलं.

कँटरचा जन्म १८४५ चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. तो अकरा वर्षांचा असताना कुटुंब जर्मनीत आलं. बर्लिनच्या विद्यापीठात शिकून १८६९ मध्ये तो हाल नावाच्या गावच्या विद्यापीठात शिकवायला लागला आणि जन्मभर तिथंच राहिला. बर्लिनला प्राध्यापक व्हावं ही त्याची इच्छा कधी पुरी झाली नाही.

या माणसानं एक अगदी साधा प्रश्न विचारला. दोन समूहांत सारख्याच वस्तू आहेत असं आपण कधी म्हणतो? तुम्ही म्हणाल, दोन्ही मोजायचे आणि आकडे ताडून पाहायचे. कँटर म्हणाला, मोजायची गरजच नाही. यातली एक आणि त्यातली एक अशी जोडी लावत जा. दोन्हींकडं काही उरलं नाही तर ते सारखे. पुस्तकात याला 'एकास एक संगती' म्हणतात.

मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. पावती, गाठ. पावती, गाठ. माझी आई मोजत नव्हती. ती जोडी लावत होती. आणि जोडी लावणं हे मोजण्याच्या खालचं नसून मोजण्याच्या आधीचं आहे. आपण 'एक, दोन, तीन' म्हणतो तेव्हा तरी दुसरं काय करतो? वस्तूंशी शब्दांची जोडीच लावतो. आईकडं शब्द कमी पडले म्हणून तिनं गाठी घेतल्या, इतकंच.

पण कँटर तिथं थांबला नाही. त्यानं ही जोडी लावायची रीत न संपणाऱ्या समूहांना लावली आणि मग नवल घडायला लागलं. १, २, ३, ४ अशा सगळ्या संख्या घ्या आणि २, ४, ६, ८ अशा फक्त सम संख्या घ्या. सम संख्या निम्म्याच असणार असं वाटतं. पण एकाशी दोन, दोनाशी चार, तिनाशी सहा अशी जोडी लावली तर दोन्हींकडं काहीच उरत नाही! असं काहीतरी विचित्र घडतं हे गॅलिलिओच्याही ध्यानात आलं होतं. १६३८ च्या आपल्या ग्रंथात त्यानं वर्गसंख्यांचं असंच उदाहरण दिलं आणि अनंताच्या बाबतीत कमी-जास्त हे शब्द लागू पडत नाहीत असं म्हणून तो प्रश्न सोडून दिला. कँटरनं तो सोडला नाही. अपूर्णांकसुद्धा, जे दोन संख्यांच्या मध्ये दाटीवाटीनं भरलेले असतात, १, २, ३ शी एकास एक जुळतात हे त्यानं दाखवलं.

मग सगळेच अनंत सारखे का? नाही! १८७४ साली त्यानं सिद्ध केलं की रेषेवरच्या सगळ्या बिंदूंची, म्हणजे सगळ्या वास्तव संख्यांची, १, २, ३ शी जोडी लागतच नाही. कशीही लावा, काही तरी उरतंच. म्हणजे एक अनंत दुसऱ्या अनंतापेक्षा मोठा असू शकतो. १८९१ साली त्यानं यासारख्याच गोष्टीची एक अधिक सोपी सिद्धता दिली. तीत त्यानं दोनच अक्षरं वापरली होती. मी ती माझ्यापुरती शाळेच्या हजेरीपटावर मांडून घेतली, तशीच इथं सांगते.

समजा, एक हजेरीपट आहे. त्यात विद्यार्थ्यांच्या ओळींना अंत नाही आणि दिवसांच्या रकान्यांनाही अंत नाही. प्रत्येक दिवशी विद्यार्थी हजर किंवा गैरहजर. गुरुजी छातीठोकपणे सांगतात, "हजर-गैरहजरीची जेवढी म्हणून तऱ्हा असू शकते, तेवढी सगळी या पटात आहे." आता आपण एक नवा विद्यार्थी कल्पू. पहिल्या ओळीतला मुलगा पहिल्या दिवशी हजर असेल, तर आपला त्या दिवशी गैरहजर. दुसऱ्या ओळीतली मुलगी दुसऱ्या दिवशी गैरहजर असेल, तर आपला हजर. तिसऱ्या ओळीशी तिसऱ्या दिवशी उलट, चौथ्या ओळीशी चौथ्या दिवशी उलट. असं तिरकं तिरकं खाली जायचं. हा विद्यार्थी पटात आहे का? पहिल्या ओळीतला तो नव्हे, कारण पहिल्या दिवशी वेगळा. शंभराव्या ओळीतला नव्हे, कारण शंभराव्या दिवशी वेगळा. तो कोणत्याच ओळीत नाही! बरं, त्याचं नाव पटावर चढवलं तर? पुन्हा तिरकं जायचं, पुन्हा एक नवा बाहेर उभा.

हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही. हजेरीपटावर नाव नसणं म्हणजे काय हे आमच्या वस्तीवरच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

अनंताचे लहान-मोठे प्रकार असतात ही कल्पना आपल्या मातीला अगदीच परकी नव्हती, हेही वाचता वाचता कळलं. जैन ग्रंथांत संख्यांचे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन वर्ग केलेले आहेत आणि त्यांचे पुन्हा पोटभेद आहेत. अतिप्रचंड संख्येची कल्पना यावी म्हणून मोठमोठे खड्डे मोहरीच्या दाण्यांनी भरायला सांगितलेलं आहे. राष्ट्रकूटांच्या काळातल्या आचार्य वीरसेनांच्या 'धवला' टीकेत अशा संख्यांचा मोठा विचार आहे. शतकानुशतकं ताडपत्रांवर राहिलेला हा ग्रंथ डॉ. हीरालाल जैन यांनी संपादून १९३९ पासून आपल्या अमरावतीहून छापून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. अर्थात, त्या विचाराला कँटरची सिद्धता म्हणणं बरोबर होणार नाही. जोडी लावून लहान-मोठं ठरवायची कसोटी ही कँटरचीच. पण अनंताकडं बघून नुसते हात न जोडता त्याचे प्रकार पाडू पाहणारी माणसं या मुलखातही होती, याचा मला आनंद झाला.

कँटरला मात्र सुखानं काम करता आलं नाही. बर्लिनचा थोर गणितज्ञ क्रोनेकर एके काळी त्याचा शिक्षक होता. त्याला हे असलं अनंताचं गणित मुळीच मान्य नव्हतं आणि त्यानं कडवा विरोध केला. खुद्द कँटरलाही आपल्या शोधांचा धक्का बसे. रेषेच्या तुकड्यावर जितके बिंदू, तितकेच पूर्ण चौरसावर, हे सिद्ध केल्यावर १८७७ साली त्यानं आपला मित्र डेडेकिंट याला कळवलं की हे मला दिसतं आहे, पण माझा त्यावर विश्वास बसत नाही. १८८४ मध्ये त्याला मनाच्या आजाराचा पहिला मोठा झटका आला आणि पुढं तो आजार परत परत येत राहिला. १८९९ च्या डिसेंबरात त्याचा धाकटा मुलगा वारला. शेवटी पहिलं महायुद्ध चालू असताना, ६ जानेवारी १९१८ रोजी, हालच्या मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला.

आता संच म्हणजे काय? १८९५ च्या लेखात कँटरनं सांगितलं त्याचा माझ्या शब्दांत अर्थ असा: वेगवेगळ्या, स्पष्ट ओळखू येणाऱ्या अनेक गोष्टी मनानं एकत्र करून 'एक' मानणं. अनेकांना एक मानणं! वाचायला किती सोपं. पण याच सोपेपणात तो न्हावी दडून बसला होता. कोणतीही अट घालावी आणि ती पाळणाऱ्या सगळ्यांचा संच करावा, असं चालेल का? १९०१ साली बर्ट्रांड रसेलनं अट घातली: जे संच स्वतःचेच घटक नाहीत, अशा सगळ्यांचा संच. हा संच स्वतःचा घटक आहे की नाही? असेल तर नाही आणि नसेल तर आहे! सगळ्याच अनेकांना एक मानता येत नाही, हे कँटरलाही उमगलं होतं. १८९९ च्या पत्रांत त्यानं डेडेकिंटला तसं लिहिलं आहे. मग १९०८ साली त्सेर्मेलोनं संच कसे करावेत याचे नियम घालून दिले. नुसत्या अटीवर संच उभा करायचा नाही; आधी हातात एक संच हवा, त्यातून अटीप्रमाणे निवडायचं. पुढं फ्रेंकेल वगैरेंनी त्यात भर घातली आणि आजचं बरंचसं गणित त्या नियमांवर उभं आहे. तरीही कँटरचा एक प्रश्न सुटला नाही. १, २, ३ चा अनंत आणि रेषेचा अनंत यांच्या मधल्या आकाराचा एखादा अनंत आहे का? हिल्बर्टनं १९०० साली मांडलेल्या २३ प्रश्नांत हा पहिला होता. १९३८ मध्ये गोडेलनं आणि १९६३ मध्ये कोहेननं मिळून दाखवलं की आजच्या नियमांवरून याचं उत्तर 'हो' असंही सिद्ध होत नाही आणि 'नाही' असंही होत नाही.

'अनेकांना एक मानणं' हे शब्द मी वहीत लिहिले आणि मला एक शब्द आठवला: कोयता.

आमच्याकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. दोन माणसं, चार हात, पण वहीत एक. उचल एका कोयत्याची, सही किंवा अंगठा नवऱ्याचा. एकटं माणूस गेलं तर तो अर्धा कोयता. माझी आई बावीस वर्षं ऊस तोडते आहे, पण कोणत्याही वहीत ती 'एक' म्हणून नाही. ती कायम अर्धी. आणि कोयता पुरा व्हावा म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकतात. नववीत आम्ही अकरा मुली होतो. दहावीच्या परीक्षेला सात बसलो. चौघींचे कोयते झाले होते. दहावीनंतर मलाही स्थळ आलं होतं. तेव्हा हीच माझी आई, हिशेबाला गप्प बसलेली, उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "हिचा कोयता करायचा न्हाई." बापूंनी तिच्याकडं बघितलं आणि पाहुण्यांना नुसता चहा पाजून वाटेला लावलं.

संच केला म्हणून त्यातला घटक नाहीसा होत नाही, हे नववीच्या पुस्तकातही आहे. महिरपी कंसात दोघं असले तरी मध्ये स्वल्पविराम असतो. आमच्या मुकादमाच्या वहीत तो स्वल्पविरामच नव्हता.

आणखी एक गोष्ट मला कँटरनं शिकवली. काही याद्या अशा असतात की त्या कुणालाही, कधीही पुऱ्या करता येणार नाहीत. कितीही नावं चढवा, बाहेर कुणी तरी उरणारच. ती कुणाची चूक नसते. पण असं फक्त त्या न संपणाऱ्या याद्यांत घडतं. आमचा हिशेब काही अनंत नव्हता. एका हंगामाच्या खेपा, एका कोपीपुढचा हिशेब, तीन गाठी. तो पुरा करता आला असता. जे पुरं करता येण्यासारखं होतं ते केलं नाही, त्याला गणितात काही सिद्धता नाही. ती माणसांचीच करणी.

दिवाळीच्या आधी गावी गेले होते. गाडीवर संसार चढायला दोन दिवस होते. आई पत्र्याची पेटी आवरत होती. पेटीच्या तळाशी ती सुतळी निघाली, काळी पडलेली, गाठी घट्ट बसलेल्या. मी तिला कँटरची सगळी गोष्ट सांगितली. जोडी लावायची रीत, हजेरीपट, विरोध, आजार. म्हटलं, "आई, तू जे करत होतीस ना, ते त्यानं सगळ्या जगाला शिकवलं. तुझी रीत बरोबर होती. पावतीपेक्षा तुझ्या गाठी खऱ्या होत्या."

आईनं सुतळी हातात घेतली. शेवटच्या तीन गाठींवरून तिचा अंगठा फिरला. अनंताबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मंग त्याचं त्याला मिळालं का गं?"

मी सांगितलं की बर्लिनची जागा मिळाली नाही, पण १९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं पदक दिलं. आणि आता तर त्याचं गणित शाळेतली पोरंसुद्धा शिकतात.

"म्हंजी उशिरा का व्हईना, कुनीतरी खरं म्हटलं," ती म्हणाली. आणि सुतळी परत पेटीत न ठेवता तिनं ती कमरेला खोचली.